हजाराची वाटी

दादा आणि धाकटा एका टेबलाशी समोरासमोर बसले, हे त्या घरात दीड वर्षाने घडत होतं, आणि तेही तीन शून्यांमुळे. उत्तरेकडच्या टाक्यांवरून वाजल्यापासून दोघं एकमेकांशी वहिनीमार्फत बोलत. धाकट्याला पंपाचा सुटा भाग हवा असला की तो वहिनीला सांगायचा, वहिनी दादाला सांगायची, आणि दादा ऐकलंच नाही असं दाखवून दुसऱ्या दिवशी भाग मागवायचा. गाडा चालला होता. आज मात्र अकराच्या सुमाराला जलाशय कार्यालयाचं पत्र आलं आणि अर्ध्या तासात दोघंही माशांची पिल्लं वाढवायच्या हॅचरीच्या ऑफिसात हजर झाले.

ऑफिस म्हणजे टाक्यांच्या कडेची लांबट खोली. फरशी कायम ओली, खिडकीतून हवेच्या नळ्यांची गुडगुड ऐकू यायची, आणि प्रिंटरवर ओल लागू नये म्हणून वहिनीने जुना टॉवेल टाकलेला. ताई, दोघांची बहीण, दाराशी उभी होती. तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, पण ती बसली नाही. ती एकदा बाहेर जाऊन तिसऱ्या टाकीची नळी हलवून आली, परत आली, आणि पुन्हा नळी बघायला निघाली तेव्हा वहिनी म्हणाली, की ताई, ती नळी काही पळून जात नाही.

सूनबाईने, म्हणजे दादाच्या सुनेने, पत्र मोठ्याने वाचलं. जलाशयात सोडायला पिल्लं पुरवण्याच्या अर्जात आपण पिल्लांची जी संख्या लिहिली आहे ती २.४ B होते, असं त्यात होतं. नेमकी संख्या अंकांत आणि अक्षरांत आज दुपारी चारपर्यंत कळवावी, नाहीतर अर्ज बाद समजला जाईल. खाली आणखी दोन ओळी होत्या, पण त्या ऐकायला कुणी थांबलं नाही.

"बी म्हणजे किती?" धाकट्याने वहिनीला विचारलं.

"बिलियन," सूनबाईच म्हणाली. "शंभर कोटी. दोन पॉइंट चार बिलियन म्हणजे दोनशे चाळीस कोटी."

मग धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला, की वहिनी, त्यांना विचारा, एवढी पिल्लं सोडल्यावर जलाशयात पाण्याला जागा कुठे ठेवणार होते. दादाने ऐकलं नाही असं दाखवलं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

चूक कशी झाली ते बाहेरच्या कुणाला सांगूनही पटलं नसतं. या घरात हजार हा शब्द कुणी उच्चारतच नसे. भावंडांच्या वडिलांनी, आप्पांनी, हॅचरी काढली तेव्हा त्यांनी एक भोकं पाडलेली पितळी वाटी करून घेतली, पाणी निथळून आत फक्त पिल्लं राहतील अशी. एकदा बसून तिच्यातली पिल्लं मोजली, ती हजार भरली, आणि तिथून पुढे एक वाटी म्हणजे एक हजार. 'दोनशे पाठव' म्हटलं की दोनशे वाट्या, म्हणजे दोन लाख. वह्यांतही तसंच, शेवटची तीन शून्यं गाळून. घरात नव्याने आलेल्या माणसाला पहिले काही महिने वाटायचं की ही माणसं इतकी थोडी पिल्लं विकून एवढं मोठं कुटुंब कसं पोसतात.

सूनबाईला हे दोन वर्षांत पाठ झालं होतं. पूर्वी ती एका रंगाच्या कारखान्यात साठ्याची नोंद ठेवायची, त्यामुळे तिला असल्या गोष्टींची सवयच होती. अर्जाच्या रकान्यावर 'संख्या' आणि पुढे K असं छापलेलं होतं. K म्हणजे हजार. घरच्या चोवीसशे वाट्या म्हणजे चोवीसशे हजार. तिने २,४०० लिहिलं आणि सुटली. इतकं सरळ होतं, की तिला त्यात काही सांगण्यासारखं वाटलंच नाही.

"मग शून्यं कुठून आली?" दादाने तिला विचारलं, आणि आवाजात आधीच निकाल होता. तो म्हणाला, की इतक्या मोठ्या कामाचा कागद नवख्या माणसाच्या हाती दिला ही त्याची चूक, बाकी कुणाची नाही. माणूस आपली चूक कबूल करता करता दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालतो, ते शिकायचं तर दादाकडे.

सूनबाईने फाइलमधून अर्जाची प्रत काढून टेबलावर ठेवली. छापलेल्या २,४०० च्या पुढे निळ्या शाईत तीन शून्यं काढलेली होती, सुबक, एकसारखी, आणि बाजूला छोटी सही. ती सही त्या खोलीत सगळ्यांच्या ओळखीची होती.

"मला वाटलं, तू घरातल्यासारखं वाट्यांत लिहून बसलीस," दादा म्हणाला. "त्यांना आपल्या वाट्या काय कळणार? म्हणून मी पूर्ण केलं."

"वर हजार लिहिलेलंच होतं, बाबा. पुढे आपण परत हजार लावले."

"लाखाचे बारा हजार करणारे पुष्कळ ऐकले होते," वहिनी चहाचे कप गोळा करत म्हणाली, "लाखाचे कोटी करणारा माणूस माझ्याच घरात निघाला." धाकटा हसला, सूनबाईने मान खाली घातली, आणि दादासुद्धा एका बाजूने हसला. संकट आता हसण्याइतकं लहान झालंय असं सगळ्यांना वाटलं. ताईला मात्र तसं वाटलं नाही. पत्रातल्या त्या शेवटच्या दोन ओळी तिने मघाशी सूनबाईच्या खांद्यावरून वाचल्या होत्या.

सूनबाईने पाठकोऱ्या कागदावर सगळं ओळीने मांडून दाखवलं, म्हणजे पुन्हा घोळ नको. एक K म्हणजे एक हजार. शंभर K म्हणजे एक लाख. हजार K म्हणजे एक M, म्हणजे दहा लाख. दहा M म्हणजे एक कोटी. हजार M म्हणजे एक B. आपली चोवीस लाख पिल्लं म्हणजे २,४०० K किंवा २.४ M, काहीही लिहा, पिल्लं तितकीच. धाकट्याला ते पटेना. त्याच्या वॉशरच्या पेट्यांवर ५M लिहिलेलं असतं आणि आत पाचच हजार वॉशर निघतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणे. सूनबाई म्हणाली, की ती जुनी पद्धत. काही धंद्यांत अजून हजाराला M आणि दहा लाखाला MM लिहितात. म्हणून आधी बघायचं, की कागदावर हजाराला काय लिहिलंय. इथे K आहे, तेव्हा इथला M दहा लाखांचा. आणि तरीही मनात किंतु राहिला तर सगळी शून्यं लिहून मोकळं व्हायचं.

"तेच करू," दादा म्हणाला. "चोवीस लाख, अक्षरी. पाठवून टाक."

"खाली अजून आहे, बाबा." सूनबाईने पत्र पुन्हा उचललं. पिल्लं पोचल्यावर कार्यालय ती यंत्राने मोजून घेणार होतं. तेव्हा मोजणीचं माप कोणतं, एका मापात किती पिल्लं भरतात, आणि ते माप शेवटचं कधी पडताळलं, तेही चारच्या आत कळवायचं होतं.

"लिही, पितळी वाटी, एक हजार, दरवर्षी पडताळतो," दादा म्हणाला. "काय, ताई?"

सगळे तिच्याकडे वळले. ताई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि चौतीस वर्षं वाटी तिच्या हातात होती. गेले सहा महिने दादा येता जाता म्हणत होता, की आता मोजायचं यंत्र आणू, तू आराम कर, किती दिवस पाण्यात हात घालून बसणार आहेस. ती दर वेळी एकच उत्तर द्यायची: माझी मोजणी एकदा तरी चुकली का? त्यावर दादा यंत्राचा विषय सोडून द्यायचा. घर भावांचं होतं, टाक्या भावांच्या होत्या, नवरा तर लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच गेलेला. ते एक वाक्य तेवढं तिचं होतं. ते गेलं तर आपण या हॅचरीत कोण, हे तिला खरोखर सांगता आलं नसतं.

आणि ते वाक्य खरं आहे की खोटं, हे तिला अकरा वर्षं माहीत नव्हतं.

"कधीच पडताळली नाही," ताई म्हणाली.

"आप्पांनी मोजली होती ना."

"आप्पांची वाटी अकरा वर्षांपूर्वी बुडातून फाटली. ही मी नवी करून घेतलेली आहे."

वहिनीच्या हातातले कप एकमेकांवर वाजले. ताईने मग सगळं सांगितलं, थांबत थांबत, पण काही न लपवता. ऐन हंगामात वाटी फाटली, दारात तीन गाड्या उभ्या होत्या. भांडी करणाऱ्याला जुनी वाटी दाखवून तशीच दुसरी करायला सांगितली. तो दुपारपर्यंत घेऊन आला. घेर तोच होता, खोली जरा कमी वाटली, पण हातात घेतल्यावर वाटलं, भास असेल. संध्याकाळी बसून मोजू असं ठरवलं आणि संध्याकाळी चौथी गाडी आली. दुसऱ्या दिवशी पाचवी. पुढच्या आठवड्यात मोजायला बसली, तेव्हा एकदम मनात आलं, की कमी भरली तर गेल्या आठवड्यातल्या लोकांना काय सांगायचं? ती उठली. महिन्याने तेच, वर्षाने तेच. जितका उशीर तितकं सांगायचं ओझं जास्त. कधी कधी मन खाई, तेव्हा वर चिमूटभर जास्त टाकायची. कुणाची तक्रार कधी आली नाही, आणि तक्रार आली नाही म्हणून ती आणखी गप्प बसली.

"अकरा वर्षं," दादा म्हणाला. "आणि मला रोज सुनवायचीस, की माझी मोजणी चुकली का."

"हो."

"दादा, तिच्यावर काय ओरडतोस," धाकटा म्हणाला आणि थबकला. दीड वर्षात तो भावाशी पहिल्यांदा थेट बोलला होता, हे त्यालाही बोलल्यावरच कळलं. पण पुढच्याच वाक्यात तो दादाच्या बाजूला गेला: यंत्र सहा महिन्यांपूर्वीच आणायला हवं होतं, हे त्यालाही पटत होतं म्हणे. एका बहिणीच्या चुकीने दोन भाऊ इतक्या चटकन एक होतील असं ताईला वाटलं नव्हतं. तिला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

सूनबाईने घड्याळाकडे बघितलं. पाऊण वाजला होता. ती म्हणाली, की आत्या, वाटी कुठे आहे, मोजूनच बघू. आणि एक वाटी नको, तीन मोजू. कधी पिल्लं दाबली जातात, कधी पाणी राहतं, एकीवर भरवसा नको.

पांढरी एनॅमलची चार घमेली टेबलावर आली. ताईने पाचव्या टाकीतून वाटी भरून आणली. हजारो वेळा भरलेली वाटी, पण आज ती काठापर्यंत किती न्यायची हेच तिला कळेना. जास्त भरली तर लबाडी, कमी भरली तर स्वतःवरच अन्याय. शेवटी तिने डोळे मिटून रोजच्यासारखी बुडवली आणि उचलली. पिल्लं घमेल्यांत वाटली. नखाएवढी, काळ्या ठिपक्याची, क्षणभरही एका जागी न राहणारी. चमच्याने एकेक उचलून बाजूच्या भांड्यात टाकायचं, दहा झाली की एक वॉशर बाजूला. धाकट्याने वॉशरची पेटी उघडताना सूनबाईला सांगितलं, की यात पाच हजार आहेत, तुझे पन्नास लाख नव्हेत.

दादा आणि धाकट्याला एकच घमेलं वाट्याला आलं. थोड्या वेळाने दादा पुटपुटला, की हा एक दोनदा मोजलास तू. धाकटा म्हणाला, नाही, तो दुसरा होता, शेपटीला ठिपका नव्हता. मग बराच वेळ दोघांचे चमचे एकामागून एक चालू राहिले. वहिनी मोजताना ओठ हलवत होती आणि कुणी बोललं की डोळे वटारत होती. ताईचं घमेलं सगळ्यांत शेवटी संपलं, कारण तिची नजर राहून राहून इतरांच्या वॉशरांकडे जात होती. ढीग लहान वाटत होते. तिने चौतीस वर्षं एवढं मोजलं होतं, पण हजाराचा ढीग केवढा असतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

आठशे एकाहत्तर.

ताई दुसरी वाटी भरून घेऊन आली. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठशे अठ्ठावन्न. तिसरी, आठशे बहात्तर. सूनबाईने तिन्हींची बेरीज करून तीनने भागलं आणि कागदावर ८६७ लिहून त्याभोवती गोल केला. सव्वातीन झाले होते.

"म्हणजे हजारामागे एकशे तेहतीस कमी," वहिनी हळू म्हणाली. अकरा वर्षांचं गणित तिच्या डोळ्यांपुढून सरकताना दिसत होतं.

दादा उठून येरझाऱ्या घालू लागला. त्याचा हिशोब वेगळा होता. तो म्हणाला, की घाबरण्यासारखं काही नाही, चोवीस लाख लिहा आणि वाट्या जास्त टाका. यंत्राला वाट्यांशी काय करायचंय, त्याला पिल्लं भरली म्हणजे झालं. सूनबाईने आकडा सांगितला: मग चोवीसशेच्या जागी दोन हजार सातशे एकोणसत्तर वाट्या लागतील.

"लागू देत."

"टाक्यांत तेवढ्या नाहीत, बाबा. टाक्यांत सव्वीसशे वाट्या आहेत असं आपण म्हणतो, तेही याच वाटीने."

दादा थांबला. ताईने मनातल्या मनात गुणाकार केला होता. सव्वीसशे गुणिले आठशे सदुसष्ट, साडेबावीस लाखांच्या वर थोडी. वाटेत दगावणारी धरली तर बावीस लाखांपलीकडचा शब्द देणं म्हणजे पुन्हा तेच.

"बावीस लाख लिही," ती म्हणाली. "आणि वाटीत आठशे सदुसष्ट. माप आज पडताळलं."

"काम हातचं जाईल."

"जाईल, नाहीतर राहील. पण यंत्रासमोर दोन लाख कमी भरली तर पुढची सगळीच कामं जातील. आणि मी परत डोळे मिटून वाटी भरायची नाही."

दादाने धाकट्याकडे बघितलं. मघाशी झालेली युती अजून टिकून आहे का, ते तो बघत होता. धाकटा वॉशर पेटीत भरत होता. तो मान वर न करता म्हणाला, की दादा, मी तिच्या बाजूने. दादाने मग वहिनीकडे बघितलं. वहिनी आणि ताई यांचं पंचवीस वर्षांत कोणत्याच गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, भांडी कुठल्या फळीवर ठेवायची यावरसुद्धा. त्यामुळे दादाला तिथून खात्री होती.

"लिही गं बावीस," वहिनी सुनेला म्हणाली.

सूनबाईने लिहिलं: २.२ M, म्हणजे २,२०० K, म्हणजे २२,००,०००, अक्षरी बावीस लाख फक्त. खाली मापाची ओळ. चाराला वीस मिनिटं कमी असताना उत्तर गेलं आणि पाच मिनिटांत पोच आली, की मिळालं, निर्णय सोमवारी कळवू. एवढंच. आता सोमवारपर्यंत या घरात कुणी नीट जेवणार नव्हतं हे उघड होतं.

ताईने वाटी धुतली, पुसली आणि दादाच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"यंत्र मागव," ती म्हणाली. "मी वाटी खाली ठेवते."

दादाला हेच हवं होतं, सहा महिने हवं होतं. पण ते असं समोर आल्यावर त्याने वाटीला हात लावला नाही. वहिनीने ती उचलली आणि ताईच्या हातात परत दिली.

"खाली ठेवता कशाला? आत्ता कुठे तिच्यात किती मावतात ते कळलंय."

ताईचे डोळे भरून आले. कुणाच्याही सहानुभूतीने भरले नसते, पण या बाईच्या तोंडून एवढं ऐकायची तिची तयारी नव्हती. तिने पदराने डोळे टिपले, वाटी टेबलाच्या कडेला ठेवली आणि फळीवरून गिऱ्हाइकांची वही काढली.

तिला काय करायचंय हे दादाच्या लक्षात आलं. "ताई, वेडेपणा करू नकोस. कुणी विचारलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे तशी."

"सव्वा लाखांची म्हणून तर दिली. त्यात एक लाख आठ हजार होती."

तिने फोन जवळ ओढला. वहीतलं पहिलं नाव आप्पांच्या वेळचं, खालच्या तळ्याच्या म्हाताऱ्यांचं. ते आता ऐंशीच्या पुढे असतील. तळं मुलगे बघत, पण पिल्लांचं बोलणं अजून तेच करत. घंटी वाजत राहिली. प्रत्येक घंटीला ताईला वाटलं, की उचलूच नये. खोलीतलं कुणी बाहेर गेलं नाही. नमस्कार चमत्कार झाला, तळ्याची चौकशी झाली, आणि मग तिने ते एका दमात सांगून टाकलं: वाटी बदलली, मोजली नाही, अकरा वर्षं हजाराच्या जागी आठशे सदुसष्ट देत आले, आज कळलं, चूक माझी, भावांना काही माहीत नव्हतं.

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आठशे सदुसष्ट?" म्हातारे म्हणाले. "आमच्या मोजणीत पावणेनऊशे आले होते. बरोबरच होतं म्हणायचं."

"तुम्ही मोजली होती?"

"दरवर्षी मोजतो. तळ्यात किती सोडली हे नको का कळायला? दहा हजार लागली की आम्ही साडेअकरा वाट्या मागवतो. वरचे तळेवालेही तसंच करतात. सगळ्यांना ठाऊक आहे हो."

ताईने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं साडेअकरा, तेवीस, साडेचौतीस वाट्यांच्या मागण्या यायच्या आणि तिला वाटायचं, लोकांना असले विचित्र आकडे सुचतात तरी कसे. तिला कमालीची लाज वाटली. भीती मात्र गेली होती, कुठे गेली तेही कळलं नाही.

"मग एकदा तरी मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "एका शब्दाने."

"काय बोलणार, ताई? तुमच्या आप्पांचा हात मोठा. ते वाटी अशी शीग लावून भरायचे, की दहा वाट्यांत अकरा हजार निघायची. तुम्ही बसायला लागलात तशी दहाची दहा निघाली. नंतर ही वाटी आली. अकरा निघायची तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो. मग पावणेनऊ निघाल्यावर कोणत्या तोंडाने बोलायचं?"

दादाने खुणेने विचारलं, काय म्हणतात. ताईने हाताने त्याला थांबवलं. पलीकडे म्हातारे खोकले आणि मग कामाच्या आवाजात म्हणाले, की बरं, आता फोन केलाच आहे तर पुढच्या आठवड्याचं सांगून ठेवतो. नेहमीसारख्या साडेअकरा वाट्या पाठवा.

"वाट्या सांगू नका," ताई म्हणाली. "पिल्लं किती हवीत ते सांगा."

"दहा हजार."

"दहा हजार मिळतील. वाट्या किती लागतात ते मी बघीन. ते गणित तुम्ही खूप वर्षं केलंत."